वेल्सच्या बाईचं कार्ड

आमच्या ऑफिसात दिवसाला शब्द होतात वीस आणि किस्से होतात चार. शब्द प्रकाशक घेऊन जातो, किस्से मात्र आमच्याकडेच साचत जातात. अधूनमधून सांगून टाकले नाहीत तर आम्हाला बसायला जागा उरायची नाही!

नागपूरच्या रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं इंग्रजी-मराठी शब्दकोश करतो. धोटे सर, म्हणजे रिटायर्ड प्रोफेसर, आमचे संपादक. नंदाताई रोज महाल भागातून स्कुटीवर येतात. आणि तिसरी मी. एका शब्दाला एक कार्ड. वर अर्थ, खाली वापराचं एक वाक्य. सरांचा नियम एकच, वाक्य खरं पाहिजे. प्रत्येक कार्डावर सही करण्याआधी ते विचारणार म्हणजे विचारणार, "खरं हाये का हे?"

*

'पंक्चुअल' या शब्दाला मी जरा लाडीगोडीनं लिहिलं, "आमचे सर वक्तशीर आहेत." नेमके सर त्या दिवशी दहाऐवजी अकराला आले. त्यांनी कार्ड वाचलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि स्वतःच्या हातानं वाक्य खोडलं.

"उद्या लिहा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पावणेदहाला पोचले, तर सर कुलूप उघडून बसलेले!

*

'पंजंट'ला नंदाताईंनी लिहिलं, "भिवापूरची मिरची तिखट असते." झालं! सरांनी मिरची मागवली आणि आमच्यासमोर कचकन चावली. पुढचा अर्धा तास त्यांना बोलता येईना. नाक लाल, डोळ्यांतून धारा.

"काहून खाल्ली जी सर? सारं नागपूर सांगन ना!" नंदाताई गूळ शोधत ओरडत होत्या.

सरांनी हातानंच कार्ड मागितलं आणि सही केली. ती सही आजही वाकडी आहे.

*

आता नंदाताईंचं. त्यांचा निखिल वेल्समध्ये नोकरीला आहे. दीड वर्षापूर्वी त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि आईला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. फोटो आला तेव्हा ताई त्याच्यासाठी दुसरीच एक मुलगी बघून नुकत्याच घरी आल्या होत्या!

तेव्हापासून मुलाशी बोलणं "जेवला का?" एवढंच. त्यानं "आई, हिच्याशी बोल ना" म्हटलं की ताई लगेच, "थांब, गॅसवर दूध हाये," आणि फोन बंद. दीड वर्षात त्या घरात किती दूध तापलं म्हणता!

आम्ही हसायचो, पण मला ताईंचं फार वाईट वाटायचं. एकुलता एक मुलगा, आणि त्याचा फोन आला की दुधाचं निमित्त शोधायचं.

*

आणि मग डब्ल्यूच्या ढिगातून 'वेल्शवुमन' निघालं, तेही नेमकं ताईंच्या वाट्याला. ताईंनी एका झटक्यात अर्थ लिहिला, "इंग्रज बाई."

सरांनी लगेच नकाशा काढला. वेल्स वेगळं, इंग्लंड वेगळं, त्यांची भाषासुद्धा वेगळी.

"म्हणजे तिले इंग्रज म्हटलं तं राग येते का?" ताईंनी विचारलं. 'बाई'ची 'ती' झाली, हे मी ऐकलं.

सर म्हणाले, "तुम्हाले कोणी पुणेकरीण म्हटलं तं चालन का?"

"अरे बापा!" ताईंनी अर्थ खोडला आणि लिहिलं, "वेल्सची बाई."

*

वाक्याचं मात्र घोडं अडलं. बाकी सगळा ढीग संपला तरी ते कार्ड ताईंच्या टेबलावर तसंच. शेवटी मीच म्हटलं, "द्या ताई, मी लिहिते. 'वेल्सची बाई शाळेत शिकवते.' एखादी तरी शिकवत असेलच!"

"राहू दे वं," त्या म्हणाल्या, "ते माह्या वाट्याचं हाये." आणि कार्ड डब्याखाली सरकवलं.

*

गेल्या शनिवारी चहानंतर ताई उठल्या आणि कार्ड सरांपुढे ठेवलं. मी मान लांब करून वाचलं. "माझ्या मुलाची बायको वेल्सची आहे."

सरांनी दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाले, "वाक्य लांबलं, ताई. 'मुलाची बायको' याले आपल्याकडं एकच शब्द हाये."

ताईंनी कार्ड परत घेतलं. आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. मग खोडलं, लिहिलं आणि आणून दिलं. "माझी सून वेल्सची आहे."

सरांनी पेनचं टोपण काढलं आणि नेहमीसारखं विचारलं, "खरं हाये का हे?"

मला सरांचा असा राग आला! कुठे काय विचारावं याला काही मर्यादा? पण ताई चिडल्या नाहीत. त्यांनी पर्समधून फोन काढला.

"माह्याकडून हाये, सर. तिच्याकडून हाये का, ते विचारून सांगते."

फोन स्पीकरवर होता; निखिलनंच उचलला.

"जेवलो, आई," तो सवयीनं म्हणाला.

"तुले कोण विचारते?" ताई म्हणाल्या. "तिले दे फोन."