मेणात ठेवलेला तुकडा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दारात बसून तुरीच्या शेंगा सोलणं. "किडका दाणा टाका की हो बाजूला," ती खेकसली. दिवे लागायच्या आत ती गेली.

कॅन्सर फुफ्फुसाचा. आतला तांदळाएवढा तुकडा काचेखाली बघून डॉक्टर आधीच म्हणाले होते, "बाबा, पेशींची घडी पार विस्कटून गेलीय. असं दिसलं की माणूस फार टिकत नाही." एवढ्याशा मांसात अख्ख्या माणसाचं मरण दिसतं, हे मला पटलं नव्हतं. खरं निघालं. तो तुकडा म्हणे मेणात घालून जपून ठेवतात. म्हणजे बायको जळाली आणि रोग तेवढा जपलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडली, गाडगं घेऊन नदीवर न जाता दवाखान्यात गेलो आणि म्हणालो, "राहिलेली बायको द्या."