रानात मारलेल्या हाका

ठाण्यात माणसं काय काय घेऊन येतात. रक्ताने भरलेला सदरा आणतात, फुटलेला मोबाइल आणतात, एकाने तर शेजाऱ्याने मारलेला कोंबडा आणून माझ्या टेबलावर ठेवला होता. पण गाडीचं चाक छातीशी धरून आत आलेला माणूस मी साऱ्या नोकरीत एकदाच पाहिला, आणि ती दुपार अजून मनातून जात नाही.

निवृत्ती जवळ आली होती. राधानगरी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पावसाने आठवडाभर ठाण मांडलं होतं. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत बसला होता आणि मी एका जमिनीच्या भांडणातल्या दोन्ही पार्ट्यांना दम भरत होतो. तेवढ्यात हा आत आला. वय तिशीचं, कपडे चिखलात माखलेले. हवालदाराने चाक खाली ठेवायला सांगितलं, तर त्याला ते ऐकूच गेलं नाही.

"साहेब, गाडीत बायकू न्हाय," तो म्हणाला. "पोरगीबी न्हाय."

"पोरगी केवढी?"

"पाच म्हैन्याची."

पार्ट्यांना मी बाहेर काढलं. त्याला बसवलं, पाणी दिलं आणि जबाब सुरू केला.

तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होता. बायकोला आणि तान्ह्या पोरीला घेऊन सासुरवाडीला निघाला होता. गाडी सीएनजीवर चालणारी. टाकी बसवली की डिकीत जागा राहत नाही, म्हणून स्टेपनी घरी माळ्यावर टाकून द्यायची, ही आपल्याकडची सर्रास रीत. रोजचा रस्ता हमरस्ता, पावलापावलावर पंक्चरवाले, मग स्टेपनी लागतेय कशाला? त्या दिवशी ती लागली. जंगलातल्या पट्ट्यात, जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे पुढचं चाक बसलं. लांबलचक खिळा आत गेला होता. गाडीत हवा भरायचा छोटा पंप होता, पण भरलेली हवा टिकेना.

तो डिकीतल्या सीएनजीच्या टाकीकडे बघत उभा असताना एक मोटारसायकलवाला थांबला.

"पावणं, स्टेपनी न्हाय व्हय? चाक काढा की. म्होरल्या गावात पंक्चरवाला हाय, नेतो तुमास्नी."

यात आपल्याकडे कुणालाच वावगं वाटणार नाही. गाडी जॅकवर उभी करायची, चाक मांडीवर घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसायचं आणि बायकामाणसांनी गाडीत वाट बघायची, असंच चालतं. वाटेत त्या भल्या माणसाने नाव विचारलं, गाव विचारलं, सासुरवाडी विचारली. दुकानापाशी सोडलं आणि चहा घेऊन येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. शेवटी पंक्चर काढून हा एका दुधाच्या टेंपोतून गाडीपाशी परत गेला. गाडीचं दार सताड उघडं. पोरीचं दुपटं सीटवर. रस्त्यावर बायकोची एक चप्पल. त्याने हाका मारल्या, उत्तर आलं नाही, म्हणून त्याच टेंपोतून तो ठाण्यात आला. चाक त्याने खाली ठेवलंच नव्हतं.

मी ताबडतोब फौजदाराला माणसं देऊन जागेवर पाठवलं. नवऱ्याला मात्र ठाण्यातच ठेवलं. बाई बेपत्ता झाली की पोलीस आधी नवऱ्याकडे बघतो. कुणाला हे वाईट वाटेल, पण अनुभवच तसे येतात. मी त्याला तेच तेच प्रश्न फिरवून विचारत होतो आणि तो तीच तीच उत्तरं देत होता. मधेच म्हणायचा, "साहेब, अंधार पडला तर वो?" त्या रानात गव्यांचे कळप आहेत, बिबट्याही दिसतो.

बातमी मिळाली ती दारातच. दुधाचा टेंपोवाला व्हरांड्यात ताटकळत होता. दूध नासतंय म्हणून तो आमच्यावरच करवादला, आणि जाता जाता म्हणाला, "साहेब, त्यो लाल मोटारसायकलवाला व्हय? दुकानापास्नं निघताना बगितला की मी. मागल्या आठवड्यातबी असाच एका पावण्याला चाकासकट घेऊन चालला हुता. फाट्यावर चहाच्या टपरीला पडीक असतोय त्यो."

एकच माणूस दोनदा मदतीला धावतो, आणि दोन्ही वेळा गाडीला स्टेपनी नसते? मी दोन अंमलदार फाट्यावर पिटाळले. तो टपरीवरच सापडला.

माझ्यासमोर बसल्यावर तो चांगलाच गुरगुरला. "मदत केली ह्यो गुन्हा झाला व्हय?" मी त्याला बोलू दिलं. खरी मदत केलेला माणूस ठाण्यात आणला की तोही चिडतो, पण थोड्या वेळाने विचारतोच, त्या पावण्याचं काय झालं? याने मदत कशी केली ते तीनदा सांगितलं, पावण्याचं नाव एकदाही काढलं नाही. मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, "बाई आणि तान्हं पोर, दोघंही बेपत्ता आहेत."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला वाटत होतं, आपल्याला दागिन्यांच्या चोरीसाठी आणलंय.

"सापडली न्हाईत?" तो पुटपुटला. "साहेब, चोरीचं म्हणाल तर कबूल हाय. पर बाई आमी न्हेली न्हाय. आईशपथ न्हाय."

मग सगळं बाहेर आलं. वळणावर खिळे टाकायचे. स्टेपनी असलेला चाक बदलून निघून जातो, त्याच्या वाटेला जायचं नाही. नसलेल्याला मदत करायची. नवऱ्याला चाकासकट दूर न्यायचं, नाव-गाव काढून घ्यायचं आणि रेंज आली की साथीदाराला कळवायचं. साथीदार आपली गाडी घेऊन बाईकडे जायचा. त्या दिवशी त्याने तिला नवऱ्याचं नाव घेऊन सांगितलं, "मी पोलीस हाय. तुमच्या मालकांचा अपघात झालाय, चला दवाखान्यात." बाईने विचारलं, "मग त्यांच्याजवळचं चाक कुठं हाय?" त्याने सरळ गळ्यातल्या दागिन्यांना हात घातला, तशी ती पोरीला घेऊन रानात पळाली.

"त्यानं लई हाका मारल्या," हा सांगत होता. "वैनी, भिऊ नगा, पोलीस हाय, भाईर या म्हणून. ती काय आली न्हाय. गव्याच्या भ्यानं त्यो माघारी फिरला."

तेवढ्यात वायरलेसवर फौजदाराचा आवाज आला. "सर, सगळे मिळून हाका मारतोय. पोलीस आलेत, भिऊ नका, बाहेर या, असं स्पीकरवरून सांगतोय. प्रतिसाद नाही."

मी वायरलेसकडे धावलो. ती रस्त्यापासून फार लांब नसणार. आणि आमची माणसं तिला चोराचेच शब्द ऐकवत होती, तेही स्पीकरवरून. प्रत्येक हाकेला ती रानात आणखी आत सरकत असेल.

"हाका बंद करा," मी ओरडलो. "स्पीकर बंद, दिवे बंद. सगळे मागच्या वळणावर जा. एकानेही तोंड उघडायचं नाही."

महिला शिपाई आणि नवरा, दोघांना घेऊन मी निघालो. चाक नवऱ्याच्या पायांशी होतं. पोहोचलो तेव्हा उजेड सरत आला होता आणि धुकं रस्त्यावर उतरत होतं. जीप लांब ठेवून मी आणि महिला शिपाई झाडाआड थांबलो. नवऱ्याने गाडीपाशी जाऊन बायकोला हाक मारली. आवाज पार फाटलेला. काही नाही. त्याने पुन्हा हाक मारली. झाडीत काहीतरी जड हललं, फांदी मोडली. तिथे गवा होता की माणूस, कळायला मार्ग नव्हता. माझा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला, हे मी आज कबूल करतो.

तो माझ्याकडे धावत आला. "साहेब, बोलंना की ती!"

"चाक बसव," मी म्हणालो.

"बायकू सापडंना आन् चाक काय बसवताय?" त्याने माझी कॉलर धरायचीच बाकी ठेवली.

"ती कुठूनतरी बघत असेल. तुला कुणी धरून आणलेलं नाही, हे तिला दिसू दे. रडू नकोस, ओरडू नकोस. रोज करतोस तसं कर."

तो गेला. खाली बसून त्याने चाक लावलं. नट त्याच्या हातून पडत होते, तो चिखलात चाचपडून उचलत होता. पान्याचा आवाज तेवढा त्या रानात येत होता. त्याने जॅक उतरवला, चाकावर सवयीने एक लाथ मारली आणि हात पुसत उभा राहिला.

मग पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून ती बाहेर आली. एका पायात चप्पल, अंगभर ओरखडे, पोरगी पदराने पोटाशी आवळलेली. तिचा एक हात पोरीच्या तोंडावर होता. पोरगी रडत नव्हती. हलतही नव्हती. नवरा जागीच थिजला. महिला शिपाई पुढे धावली, तर ही खाकी बघून दोन पावलं मागे सरली.

"हात काढ, ताई," मी लांबूनच म्हणालो. "कुणी जवळ येत नाही. हात तेवढा काढ."

तिने हात काढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पोरीने ठसका दिला आणि टाहो फोडला. त्या आवाजाने मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही. मी वळणाकडे तोंड करून उभा राहिलो.

नंतर जबाब देताना ती म्हणाली, "ह्यांच्या आवाजात रडं हुतं. मला वाटलं, त्यांनी ह्यास्नी धरून आणलंय, म्हणून ओ दिली न्हाय."

"आणि पोरगी?"

"तुमची माणसं हाका मारत हुती तवा ती रडाय लागली. मग मी तिचं तोंड दाबून धरलं. तुमी लई येळ हाका मारलासा, साहेब."

साथीदारही पुढे पकडला गेला, दोघांना शिक्षा झाली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मी मात्र ठाण्यात नियम करून टाकला: घाबरलेल्या माणसाला 'आम्ही पोलीस आहोत' असं ओरडून सांगायचं नाही. त्याला दिसेल असं उभं राहायचं आणि थांबायचं. आम्हाला वाटतं, पोलीस म्हटलं की माणसाला धीर येतो. तो शब्द कुणीही उच्चारू शकतं.

नोकरीत सुरे पाहिले, दंगली पाहिल्या. पण भीती कशाची वाटली असं कुणी विचारलं, तर मी त्या स्पीकरचं नाव सांगतो. आणखी थोडा वेळ आम्ही तसेच हाका मारत राहिलो असतो, तर ती पोरगी आईच्याच हातात गुदमरून गेली असती.