कच्च्या टाक्यातला कोट

…आणि बगलेतलं बोचकं तसंच घेऊन टाचणी माघारी आला. काल गोष्ट इथवर आली आणि तुम्ही मंडळी हसलात. हसा. मीही तेव्हा हसलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो.

टाचणी म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी. ओठांत सदा चार टाचण्या, बोलायचा तोही त्यांच्या फटीतून, म्हणून हे नाव. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान बरोबर त्याच्यासमोर. चाळीस वर्षं मी पंक्चरं काढली आणि त्याच्याकडे बघत बसलो, तेव्हा यातलं काही ऐकीव नाही.

एकोणीस वर्षांचा असताना त्याने एक सिनेमा पाहिला. शेवटी नायक पाठमोरा चालत जातो. सगळ्या बाया पदराला डोळे पुसत होत्या आणि ह्याला दिसलं काय, तर कोटाची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटलेली. एवढा देखणा माणूस, आणि त्याला धड शिंपी नसावा? ती कॉलर ह्याच्या डोक्यात जी रुतली ती रुतलीच. तो सिनेमा त्याने अकरा वेळा पाहिला, माप घ्यायला. दाराच्या कडीवरून उंची काढली, टेबलावर टेकलेल्या कोपरावरून बाही. दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर कापूस बांधून त्या नायकाची, ह्याच्या तोंडी साहेबांची, छाती केली आणि पहिला कोट कापला.

मग दरवर्षी एक कोट. पण पुरा एकही नाही. शिंप्याची एक रीत असते. कोट आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाका घालून उभा करायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून ट्रायल घ्यायची, आणि गिऱ्हाईक ‘बसला’ म्हणालं की मगच मशीनची पक्की शिलाई. ही रीत टाचणीने बापाकडून घेतली आणि कधी मोडली नाही. त्यामुळे मागच्या खोलीत दांडीवर एकामागे एक कोट, काळे, करडे, आणि सगळ्यांच्या अंगावर पांढरे टाके. तिथे शिरलं की वाटायचं, पाठमोरी माणसं रांगेत उभी आहेत आणि कुणीतरी हाक मारायची वाट बघतायत. टाचणीला जन्मात एकच हवं होतं. साहेबांनी एकदा बाहीत हात घालावेत आणि ‘बसला’ म्हणावं. बस्स.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, जिभेच्या मोठ्या तिखट. म्हणायच्या, “लोकांची सवत निदान बाई तरी असते, भाऊजी. माझ्या नशिबी मिशीवाली आली.” पण एक गोष्ट त्यांना खरीच लागली होती. लेकीच्या लग्नात हा माणूस कोपरावर ठिगळ मारलेलं जुनं जाकीट घालून उभा राहिला. दुकानात पंचवीस कोट टांगलेले. वहिनींनी विनवलं, एक घाला, आजच्या दिवस. तर म्हणाला, गिऱ्हाइकाचा कपडा शिंप्याने अंगाला लावू नये.

आणि मग साहेब आमच्या गावात आले, एका कापडाच्या दुकानाचं उद्घाटन करायला. टाचणी पहाटेपासून त्या दुकानाच्या दारात, सोबत मी. त्या वर्षीचा कोट बोचक्यात, टेप गळ्यात, खडू खिशात. साहेब फीत कापून बाहेर आले तेव्हा त्यांच्या आणि टाचणीच्या मध्ये दहा हात अंतर आणि एक पहारेकरी. पहारेकरी भला माणूस. ह्याच्या गळ्यातला टेप बघून समजला आणि बाजूला झाला. म्हणाला, जा, पटकन दाखवून या.

टाचणीने साहेबांकडे नीट पाहिलं. साहेबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला होता. बोचक्यातल्या कोटाचे दोन्ही खांदे सारखे.

आणि तो मागे वळला. दैव देतं आणि कर्म नेतं ते असं. मी डोकं धरून विचारलं, अरे शहाण्या, ट्रायल कशाला असते मग? तर ओठांतल्या टाचण्या काढून म्हणाला, “चुकलेलं माप घेऊन साहेबांसमोर जायचं?” तीन दिवसांत त्याने कोटाचा खांदा उतरवला. तोवर साहेब परत गेलेले. पुढच्याच वर्षी त्यांनी काम सोडलं, दार लावून घेतलं, आणि पेपरात फोटो यायचाही बंद झाला.

मला वाटलं, सुटला आता. पण कोट चालूच. पुतळ्यावर कापूस चढायचा, उतरायचा. एकदा विचारलं, फोटो नाही, सिनेमा नाही, माप आणतोस कुठून? म्हणाला, “डोळे मिटले की दिसतात. हल्ली डावा गुडघा धरतो त्यांचा, उभं राहताना भार उजवीकडे जातो.” माझ्या हातातला पाना थांबला. डावा गुडघा टाचणीचाच धरायचा. मीच त्याला तेल आणून दिलं होतं.

मग एक दुपार आली, ती अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. हात पुसायला चिंध्या हव्या होत्या म्हणून मी त्याच्या दुकानात शिरलो. दार अर्धं लोटलेलं. कापायच्या टेबलाशी तो पाठमोरा उभा, मान पुढे आलेली, उजवा खांदा खाली. मी म्हटलं, “जेवलास का रे?” उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तर माझ्या मागून, रस्त्यावरून टाचणी म्हणाला, “जेवलो की.”

मी वळलो. तो दारात उभा होता. पुन्हा आत बघितलं, तर पुतळा. दोघांच्या पाठीत सुताचाही फरक नाही. अरे, साहेब कशाला असे वाकतील? ती मान चाळीस वर्षं मशीनवर वाकलेल्या माणसाची होती. कापूस चढवता चढवता ह्याने कुणाला उभं केलं होतं, ते त्याला दिसतच नव्हतं.

चिंध्या न घेताच मी निघालो आणि वहिनींना गाठून सांगितलं. त्या भांडी विसळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “तुम्हाला आज दिसलं होय? तीन वर्षं झाली. दुकान झाडताना मी त्या पुतळ्याला वळसा घालून जाते. पायाला केरसुणी लावायचा धीर होत नाही.”

मागच्या वर्षी साहेब वारले. पेपरात शेवटचा फोटो आला. काडीसारखे बारीक, पण मान ताठ, पाठ सरळ. टाचणीने फोटो टेबलावर ठेवला, टेप काढला आणि कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसला. पुतळ्याकडे बघेना. मी आणि वहिनी तिथेच. ज्यासाठी हा जगला ती ट्रायल आता होणार नव्हती, आणि मापही कुठल्या कुठे चुकलेलं.

मग वहिनी उठल्या. पुतळ्यावरचा शेवटचा कोट त्यांनी उतरवला आणि नवऱ्याच्या पाठीशी धरून म्हणाल्या, “घाला.” एवढंच. काय वाटलं कोण जाणे, त्याने मुकाट हात घातले.

काय सांगू तुम्हाला. कॉलर मानेला चिकटून बसली. मुंढ्यात एक सुरकुती नाही, बाही मनगटावर जिथे संपायची तिथेच संपली. मी माझ्या जन्मात असा बसलेला कोट पाहिला नाही. आणि खरं सांगतो, पाठीमागे उघडा पडलेला पुतळा मला एकदम नुसतं लाकूड वाटला, जणू आतलं माणूस उठून गेलं. वहिनींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे भरलेले, पण बोलणं नेहमीचं. म्हणाल्या, बसला हो. मी म्हणते, बसला. आता मारा पक्की शिलाई आणि हाच घालून घरी चला.

त्याने खांद्यावरचा पांढरा टाका बोटाने चाचपला. दाराकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाला,

“पक्की कशी मारू? ज्याचा कोट, त्याने कुठे सांगितलंय बसला म्हणून? मी आपला त्यांच्या जागी उभा आहे. ते आले की काढून देईन.”