अर्जासोबत जोडलेला दाखला

"अरे वा! म्हणजे इथे येऊनही तुझा कोटा काही सुटला नाही."

अण्णांनी हे बारा-तेरा माणसांसमोर म्हटलं. हातात माझं पत्र, तोंडात बटाटेवडा. सगळे हसले. एक बाई तर ठसका लागेपर्यंत हसली.

मीही हसले.

बाकीच्यांचं हसणं मी कदाचित विसरलेही असते. माझं मला विसरता येत नाही. कोणी आपल्या तोंडावर थुंकतंय आणि आपण रुमाल काढून त्याचंच तोंड पुसतोय, असलं ते हसणं होतं.

अण्णा म्हणजे आमच्या भागातल्या मराठी लोकांचे वडीलधारे. मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, वीस वर्षं जर्मनीत. स्वतःचं घर, मागे बाग. मंडळाचा गणपती त्यांच्याच हॉलमध्ये बसायचा. भारतातून नवीन आलेल्या कोणालाही कसलंही जर्मन पत्र आलं की ते घेऊन अण्णांकडे जायचं, अशी पद्धतच पडली होती. अण्णा वाचणार, अण्णा सांगणार, आपण मान डोलवायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात नेमकं कुठे?" मी खरं सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्या वहीत कुठल्या पानावर आहे हे मला माहीत होतं.

मी हायडेलबर्गला पीएचडी करत होते. पेशींमधल्या प्रथिनांवर काम. पगार अर्ध्या नोकरीचा. नवरा गोदामात खोकी भरायचा. मुलगी चार वर्षांची. युरो येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि सगळं महाग झालं म्हणून जर्मन माणसंसुद्धा कुरकुरत होती. आम्ही सोत्सियालवोनुंगमध्ये राहायचो. सरकारी कर्जावर बांधलेली इमारत, त्यात कमी भाड्याचे फ्लॅट. ज्यांचं उत्पन्न कमी त्यांना नगरपालिका एक शाइन देते, म्हणजे दाखलाच. तो दाखवायचा, नंबर लावायचा. वरच्या मजल्यावर एक जर्मन म्हातारी, शेजारी तुर्की बसड्रायव्हर. त्या इमारतीत मला कोणी गाव विचारलं नाही.

पण मराठी लोकांपासून मी ते घर लपवलं होतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, स्टेशनच्या पलीकडे. दाखला या शब्दाचीच मला धास्ती. आमच्या शाळेत गुरुजी वर्गात ओरडायचे, "दाखलेवाले उभे राहा." आम्ही सात-आठ जण उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसून आमच्याकडे बघायचा. गुरुजी सावकाश नावं वाचायचे, मध्येच तपकीर ओढायचे, आणि शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करून घ्यायचे. स्वतःच्या खिशातून देत असल्यासारखा चेहरा करायचे. सही झाली तरी लगेच बसायचं नाही. सगळ्यांचं झाल्यावर एकदमच बसायचं.

तर, घरमालक कंपनीचं पत्र आलं. तारीख एकोणीस. पुढच्या एक तारखेपासून भाडं वाढणार. सोबत आकडेमोडीची तीन पानं. मला वाढलेला आकडा तेवढा कळला. पैशांपेक्षा भीती दुसरीच होती. घर गेलं तर सगळंच गेलं. इथे परक्यांना कुटुंब ठेवायचं तर पुरेशी जागा दाखवावी लागते. घर नाही तर नवऱ्याच्या आणि मुलीच्या व्हिसाचं काय? आधीचं वर्ष आम्ही तिघांनी वसतिगृहाच्या एका खोलीत काढलं होतं. परत तिथे जायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा.

गणपतीला अण्णांकडे जायचंच होतं. पत्र पर्समध्ये टाकलं. कोपऱ्यात नेऊन हळूच दाखवावं असं मनात होतं. अण्णांनी सोफ्यावर बसल्या बसल्या उघडलं आणि सोत्सियालवोनुंग हा शब्द मोठ्यांदा वाचला. पुढचं सांगितलंच.

लोकांचं हसून झाल्यावर त्यांनी सल्ला दिला. पहिलं पान वाचून. मागची तीन पानं त्यांनी बघितलीही नाहीत, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली.

"उलट काही विचारायला जाऊ नकोस. सवलतीत राहणाऱ्याने मान खाली घालून राहावं. एक छानसा विनंती अर्ज लिही, नाहीतर काढतील बाहेर."

मी मान डोलवली. वहिनींनी प्रसादाची वाटी दिली, ती खाल्ली, छान झालाय म्हणाले. काय म्हणावं या जिवाला?

मग मी अर्ज लिहिला. शब्दकोश घेऊन, जर्मनमध्ये. महोदय, आपण मला घर दिलंत, मी आपली अत्यंत ऋणी आहे. मी नियमित भाडं भरते, भिंतीला खिळा मारत नाही, माझी मुलगी जिन्यात आवाज करत नाही. वाढीव भाडं मी भरीन, पण कृपा करून आम्हाला घराबाहेर काढू नये. नवऱ्याने वाचलं आणि एवढंच म्हणाला, "पाया पडायचं तेवढं राहिलंय." मी त्याच्यावरच खेकसले.

अर्जाला कागद जोडले. पगाराची चिठ्ठी. नगरपालिकेचा शाइन. मुलीचा जन्मदाखला. आणि जातीचा दाखला. इंग्रजी भाषांतर, शिक्क्यासकट. माझ्या हाताने तो आपोआप फायलीतून काढला आणि टाचणी मारली. विचारसुद्धा केला नाही. जन्मात मी कुठल्या सरकारी टेबलावर त्याच्याशिवाय अर्ज ठेवला नव्हता. अर्ज म्हटलं की दाखला, हे अंगातच मुरलेलं.

कंपनीच्या ऑफिसात टेबलामागे एक चाळिशीची बाई होती. तिने पानं उलटली. शेवटचा कागद दोन बोटांत धरून वर उचलला.

"हे काय आहे?"

मी सांगायला लागले. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं, प्रयोगशाळेत सगळं इंग्रजीत चालायचं. भारतात माझा जन्म कुठल्या समाजात झाला, त्याचा कागद. तिने पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. तो कॉफीचा कप घेऊन आला. दोघं त्या कागदावर वाकले. मग माझ्याकडे बघितलं, मग परत कागदाकडे. "इंटरेसांट," तो म्हणाला. प्राणिसंग्रहालयात नवीन जनावर आल्यावर माणसं पाटी वाचतात आणि मग पिंजऱ्यात बघतात, तसं. मी उभीच. हात पुढे बांधलेले.

मग बाई म्हणाली, "पण तुमच्या भाड्याशी याचा काय संबंध?"

आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून, बहिऱ्याशी बोलावं तसं सांगितलं, की हिशोब सोबत जोडलेला आहे, वाचला नाही का? वाचा. पुढचा कोण?

बाहेर आले. ट्रामच्या थांब्यावर बसले. दोन ट्राम गेल्या. अंगाची आग आग होत होती. त्या बाईची किळस आली, त्या कपवाल्याची आली, अण्णांची आली. सगळ्यात जास्त स्वतःची. तो कागद माझ्याकडे कोणी मागितला नव्हता. मीच काढून पुढे केला होता.

आणि एक गोष्ट तिथेच लख्ख कळली. त्या दाखल्यात घाण काही नव्हती. तो माझ्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसल्यावर, लढल्यावर मिळालेला हक्क. नगरपालिकेचा शाइनही हक्कच, कायद्याने दिलेला. मी दोन्हींची भीक करून टाकली होती. दोन्ही कागद टाचून, वाडगं पुढे करावं तसे टेबलावर ठेवले होते. आपलीच मोरी अन् आंघोळीची चोरी. गुरुजी मेले, शाळा पडली असेल, आणि मी अजून उभीच होते.

घरी येऊन ती तीन पानं काढली. चार संध्याकाळी लागल्या. मुलगी शेजारी बसून जर्मनमध्ये विचारत राहायची, आई, काय लिहिलंय? मी मराठीत सांगायचे, थांब, वाचतेय. प्रथिनांवरचे पन्नास-पन्नास पानी शोधनिबंध खाणारी मी, आणि स्वतःच्या घराची तीन पानं मला वाचता आली नव्हती. येत नव्हती कसली, वाचली नव्हती. हे आपण वाचायचं नसतं, आपण फक्त भरायचं असतं, असं धरून चालले होते.

होतं काय त्यात? इमारतीवरच्या कर्जाचं व्याज वाढलं होतं. ती वाढ सगळ्या फ्लॅटांवर क्षेत्रफळाप्रमाणे वाटली होती. म्हातारीचंही भाडं वाढलं होतं, बसड्रायव्हरचंही. कोणी कोणाला बाहेर काढत नव्हतं. शेवटच्या पानाच्या तळाला कायद्याचं कलम होतं. विद्यापीठाच्या कायद्याच्या ग्रंथालयात गेले आणि ते कलम शोधलं. वाढीचं पत्र पंधरा तारखेनंतर मिळालं, तर वाढ पुढच्या महिन्यापासून नाही, त्याच्या पुढच्या महिन्यापासून लागू. माझं पत्र एकोणीसचं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का होता.

नवीन पत्र लिहिलं. चार ओळी. हिशोब वाचला, मान्य आहे. वाढ कलमाप्रमाणे एक महिना उशिरा लागू होते. त्या तारखेपासून भरीन. सही. कृपा नाही, ऋण नाही, खिळे नाहीत. सोबत फक्त पाकिटाची झेरॉक्स. आठवड्याने एका ओळीचं उत्तर आलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे. दिलगिरी वगैरे काही नाही. मला नकोही होती. बँकेत जाऊन त्या तारखेपासून नवीन रक्कम लावून दिली.

दिवाळीच्या फराळाला अण्णांनी सगळ्यांसमोर परत विषय काढला. "काय गं, टिकलं ना घर? बघा, अर्ज करायला लावला म्हणून. गेनाऊ, अगदी बरोबर." आणि चकली मोडली.

मी ताटली खाली ठेवली. म्हटलं, "अण्णा, तुम्ही एकच पान वाचलंत. उरलेली तीन मी वाचली. घर माझ्या हक्काचं आहे, तुमच्या अर्जाने टिकलेलं नाही. तुमच्या दोन्ही मुलांसाठी सरकार देतं ते पैसे दर महिन्याला तुमच्या खात्यात येतात. मुलगी विद्यापीठात फुकट शिकते. त्याला तुम्ही कोटा म्हणत नाही. माझ्याच घराला का म्हणालात, ते या सगळ्यांना सांगा."

अण्णांचे कान लाल झाले. वीस वर्षं परदेशात काढली, पण सुंभ जळाला तरी पीळ काही जळला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "अगं, चेष्टा केली त्यांनी. तू किती मनाला लावून घेतेस."

मुलीला कोट घातला आणि निघाले. मंडळाची आमंत्रणं बंद झाली. बरंच झालं.

भाडं नंतरही दोनदा वाढलं. प्रत्येक पान वाचलं. बरोबर होतं तेवढं भरलं, तारखेला भरलं. चूक असती तर एक सेंटही दिला नसता, आणि पुढेही देणार नाही. माझं पत्र माझ्याआधी आता कोणी उघडत नाही.

मंडळातली एक बाई अजून अधूनमधून फोन करते. झालं गेलं सोडून दे, म्हणते, अण्णांचं वय झालंय, एकदा येऊन जा. मी नाही म्हणते. माझ्या आजीची सावली पडली तर त्यांची माणसं आंघोळ करायची. माझ्या हक्काला जो भीक म्हणतो, त्याच्या घरचं पाणी मी पिणार नाही. आता विटाळ मी मानते.