सोडियमच्या पिवळ्या रेषा

सर स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. मागे आमचे प्रिन्सिपॉल उभे. मी मनातल्या मनात विनवत होतो, 'दोन' म्हणा सर, एवढंच म्हणा.

स्पेक्ट्रोमीटर म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजायचं यंत्र. सोडियमचा दिवा नुसत्या डोळ्यांना पिवळाधमक दिसतो. यंत्रातून पाहिलं की त्या पिवळ्यात एकमेकींना खेटून दोन रेषा दिसतात. बीएस्सीच्या कुठल्याही पोराला हे पाठ असतं. सरांनी तर विद्यापीठात उभी हयात हेच शिकवण्यात घातली. मराठवाड्यात कुठल्याही कॉलेजात जा, फिजिक्स शिकवणारा त्यांचा एखादा विद्यार्थी सापडायचाच. परभणीत मी होतो.

रिटायर होऊन सर पोखर्णीला, आपल्या गावी आले. इकडे आमच्याकडे प्रॅक्टिकल घ्यायला माणूस नव्हता. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला की कॉलेज बंद, उघडलं की अर्धा कोर्स शिल्लक. बोरी-येलदरीकडची पोरं यंत्राला हात न लावताच परीक्षेला बसायची. मी प्रिन्सिपॉलच्या मागेच लागलो, सरांना मानधनावर घ्या. खरं सांगायचं तर पोरांपेक्षा मलाच सर हवे होते. "काय दिसायलंय ते सांग, पुस्तकात काय आहे ते नको," हा पाठीमागून येणारा आवाज ऐकायला कान आसुसले होते.

प्रिन्सिपॉल राजी झाले, पण कुरकुरत.

"माधवराव, सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलंय म्हणतेत. यंत्र तरी दिसंल का त्यांना?"

"एकदा बोलावून तर बघा."

सर आले. सेटिंग त्यांनी हाताच्या सवयीवरच केली. आधी स्क्रू, मग स्लिट, म्हणजे उजेड आत सोडणारी फट. प्रिन्सिपॉल बघतच राहिले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात प्रिन्सिपॉलनी विचारलं, "किती रेषा दिसायल्यात, सर?"

सरांनी आयपीस थोडा फिरवला. पुन्हा फिरवला.

"एक."

"सर, मी फोकस करून देतो," मी घाईने पुढे झालो.

"फोकस बरोबर आहे, माधव. दोन असतात हे मला ठाऊक आहे. पण मला एकच दिसायलीय. तीही पुसट."

प्रिन्सिपॉलनी अदबीने चहा पाजला. मानधनाचा विषय निघाला नाही. मी सरांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. सर गाडीत चढता चढता सांगत होते, "पोरांना स्लिट लय उघडू देऊ नको. रेषा जाड होतात."

त्या वर्षी प्रॅक्टिकल मीच घेतली. पुढे सर गेले, मीही रिटायर झालो. सर त्या लॅबमध्ये असायला हवे होते, ही हळहळ काही जात नाही. एक मात्र शिकलो. ज्या माणसाला कामावर घ्यायचंच आहे, त्याची परीक्षा घेऊ नये. तो खरं बोलू शकतो.