पहिल्या सुराआधी

जेवण झाल्यावर प्रमिला उजागरे फोन घेऊन दिवाणावर आडवी होते. आज संध्याकाळचा कार्यक्रम रद्द करू या, एवढंच केतकीला सांगायचं आहे. पण डोळे मिटू लागतात आणि फोन छातीवरच राहतो.

कार्यक्रमात वाजवायचा सोनाटा, दोन वाद्यांची ती पाश्चात्त्य रचना, नव्या धाटणीचा. त्याला धड ठेका नाही. व्हायोलिन आणि पियानोनं शांततेतून एकाच क्षणी उठायचं. थोरल्या भावाच्या, सॅमदादाच्या व्हायोलिनला तिनं त्यात वर्षानुवर्षं पियानोवर साथ दिली. त्यानं नाकानं श्वास ओढला की हिची बोटं पडायची. हिवाळ्यात दादा गेला. आता त्याची शिष्या केतकी वाजवते, आणि हॉलवरच्या प्रत्येक तालमीत प्रमिला पहिल्याच सुराला मागे पडते. चारचौघांत दादाच्या नावाला बट्टा लागेल, या धास्तीनं तिला अन्न गोड लागत नाही.

"पाय जवळ घे, बसू दे," सॅमदादा म्हणतो.

ती पाय घेते. दिवाण आता श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवरचा बाक आहे. समोर फलाटाला पियानो लागलाय. पिशव्या मांडीवर घेऊन प्रवासी बसलेत, कुणालाच घाई नाही.

"दादा, तुझ्याशिवाय सुरूच होत नाही रे."

"का बरं?"

"तू श्वास घ्यायचास. मी त्यावर यायचे."

दादाला हसू आवरत नाही. "अगं येडे, ती माझी सर्दी. नाक जन्माचं चोंदलेलं."

"थट्टा पुरे."

"देवाशप्पथ. मी तुझ्या मनगटाकडे बघायचो. ते उचललंस की गज टेकवायचो."

बाक आता चर्चमधला आहे. प्रवासी तेच, पिशव्या पायाशी ठेवून गप्प बसलेले.

"मग इतकी वर्षं सुरुवात कोण करायचं?"

"तूच की. मी आपला तुझ्या मागं." तो तिचं मनगट धरून पियानोच्या पट्ट्यांवर नेतो. प्रमिलाला रडू येतं आणि फार बरंही वाटतं.

जाग येते तेव्हा गाल ओले आहेत. ती फोन लावते.

"केतकी, हॉलवर जरा लवकर ये. आज सुरुवात माझी. तू माझ्या हाताकडे बघ."

"बरं, आत्या," पलीकडून सुटका झाल्यासारखा आवाज येतो. "मलाही कळत नव्हतं आधी कुणी सुरू करायचं ते."

फोन ठेवताना तिचं लक्ष उजव्या मनगटाकडे जातं. गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी, चार बोटं उमटलेली. ती पुसायचं तिच्या जिवावर येतं. बाही वर दुमडून ती घरच्या पियानोचं झाकण उघडते.