काकांच्या सिनेमाचा शेवट

आमच्या शेजारच्या काकांइतका सज्जन खोटारडा साऱ्या सुरतेत दुसरा झाला नसेल. आयुष्यभर ते एकच खोटं बोलले, तेही एका सिनेमाबद्दल. एरवी माणूस इतका सरळ, की पिठाच्या गिरणीतून चुकून दुसऱ्याचा डबा आला तर घरोघरी विचारत फिरायचे. सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या खात्यामागे, म्हणजे मागांच्या कारखान्यामागे, आमची चाळ होती. वडील आणि काका खानदेशातल्या एकाच गावचे, एकाच गाडीने सुरतेला आलेले आणि खात्यात शेजारशेजारच्या मागांवर उभे राहणारे. त्यामुळे काकांचा सिनेमा न पाहताच मला तोंडपाठ होता.

हा सिनेमा काळापांढरा होता आणि काकांच्या मते जगही तसंच असायला हवं होतं. रंग आला आणि चेहरा गेला, असं ते म्हणत. स्वतः कायम पांढरा सदरा आणि काळी पँट घालत, भांग सिनेमातल्या हिरोसारखा डावीकडे. आमच्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा पेढा खाऊन काकांनी शांतपणे रंगाचं बटण शून्यावर नेलं आणि "आता माणसं दिसतात" म्हणत मांडी घातली. या टीव्हीसाठी आईने दोन वर्षं वडिलांचा पिच्छा पुरवला होता. पुढे काका दारात दिसले की ती बटणावर टॉवेल टाकायची. आपल्या खात्यात नुसतं कोरं कापड विणतात आणि रंग दुसऱ्या मिलमध्ये चढतो, याचाही त्यांना आनंद होता. ते पाप आपल्या हातून घडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पण काकांना पाहावं ते खात्यातच. माग चालू असले की तिथे शेजारच्या माणसाची हाकही ऐकू येत नाही. कारागीर हातांनी आणि ओठांनीच बोलतात. काका अख्खा सिनेमा असा हातांनी सांगत. हिरो कमवायला शहरात जातो आणि हिरोईन नदीच्या घाटावर त्याची वाट बघते, एवढीच गोष्ट. पदराचं टोक चिमटीत धरलं की हिरोईन उभी राहायची, तळहात हलला की नाव चालायची. शेवटी नाव घाटाला लागायची, दोन बोटं तिच्यातून खाली उतरायची आणि काका छातीवर हात ठेवायचे. आला. एकदा हा शेवट बघता बघता तिघांच्या मागांवर सुताची तार तुटली, कुणाचंच लक्ष नव्हतं. मुकादम ओरडायला आला आणि नाव लागेपर्यंत तोंड उघडं टाकून तिथेच उभा राहिला.

मी तेव्हा नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो आणि अकलेचा कांदा झालो होतो. स्टेशनजवळच्या एका दुकानात मला त्याच सिनेमाची कॅसेट सापडली. दुकानदाराकडे मी शेवट लावून पाहिला. नाव येते, पण रिकामी. हिरो परत येतच नाही. मला गुप्तधन सापडल्यासारखं वाटलं. गणपतीत चाळीसाठी व्हीसीआर भाड्याने यायचा. मी कुणालाही न सांगता तीच कॅसेट ठरवून टाकली. काकांना कळलं तेव्हा ते हळूच माझ्याकडे आले. जुन्या कॅसेटी शेवटाला घासलेल्या असतात, शेवटचं थोडं राहू दे, असं म्हणाले. काका घाबरलेत, हे ओळखून मला आणखीच गंमत वाटली. हे लिहितानाही मान वर होत नाही.

सुट्टीच्या दुपारी मंडपाला ताडपत्र्या लावून सगळी चाळ बसली. नाव आली, रिकामी. कुणीतरी हवेत दोन बोटं उतरवून छातीवर हात ठेवला आणि सगळा मंडप हसला. मी काकांचा चेहरा पाहायला वळलो. ते पडद्याकडे बघत नव्हते की हसणाऱ्यांकडेही नाही. ते बायकांमध्ये बसलेल्या काकूंकडे बघत होते. काकूंनी पदर सारखा केला आणि चहा ठेवते म्हणून उठल्या.

घरी वडील रागावले नाहीत, याचंच मला जास्त लागलं. त्यांनी फक्त सांगितलं, की गावी तंबूत हा सिनेमा लागला होता तेव्हा त्यांची थोरली मुलगी रडायला लागली म्हणून काकू शेवटी बाहेर गेल्या होत्या. घरी जाताना काकूंनी विचारलं, "परत उना का तो?" आणि काका म्हणाले, "उना ना." म्हणजे, आला की. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि वडील सुरतेच्या गाडीत बसले. तिसऱ्या वर्षी काका गावी गेले आणि बायकोमुलीला घेऊन आले.

दोन दिवसांनी मी काकूंकडे माफी मागायला गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. "गावमा समदासनी दखेल व्हता तो शिनेमा," त्या म्हणाल्या. "माले दुसऱ्याच दिनले समजनं. पन इतका जीव लाईसन खोटं बोलनारा मानूसले मी कसं सांगू? आनि आमना तं उनाच ना." त्यांनी खडा बाजूला टाकला. इतकी वर्षं दोघं एकमेकांसाठी जे जपत होते, ते मी एका कॅसेटने चव्हाट्यावर आणलं होतं.

त्यानंतर काका आमच्याकडे टीव्ही बघायला आले तेव्हा आई टॉवेल टाकायला विसरली होती. काकांनी बटणाला हात लावला नाही. निळ्याहिरव्या कपड्यांतला नाच शेवटपर्यंत पाहिला आणि उठून गेले. आईने मग टॉवेल कायमचा आत ठेवला.

एकदा वडिलांचा डबा द्यायला खात्यात गेलो, तेव्हा मागांच्या आवाजात मी काकांसमोर उभा राहिलो. पदर धरला, नाव हलवली, घाटाला लावली आणि दोन बोटं खाली उतरवली. छातीवर हात ठेवला. मला ते नीट जमलं नव्हतं.  काकांनी माझा तळहात धरून थोडा खाली घेतला, नाव पाण्याला टेकेल इतका, आणि तुटलेली तार जोडायला वाकले. गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही.